पौर्णिमेच्या सकाळी खाडीत पाणी नसतं

ठाणे, ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. ज्यांच्या घरात पक्ष्यांची आणि होडीची आवड असलेली मुलं आहेत त्यांनी तर नक्कीच. थंडी पडली, खाडीत रोहित म्हणजे फ्लेमिंगो उतरले की मोबाइलवर ‘गाईडसह कयाक सफारी’, ‘पॅडलबोर्डवरून फ्लेमिंगो आणि डॉल्फिन’ अशा जाहिराती फिरायला लागतात (कयाक म्हणजे एक-दोघांची अरुंद होडी, पॅडलबोर्ड म्हणजे उभं राहून वल्हवायची फळी). त्यातल्याच एका जाहिरातीने आमच्या घरातून ११,१०० रुपये नेले. आमच्यासारखी आणखी काही कुटुंबं त्या सकाळी जेट्टीवर ताटकळत उभी होती. रक्कम कमी-जास्त, पण पद्धत सगळ्यांच्या बाबतीत हुबेहूब एकच.

जाहिरात इन्स्टाग्रामवर होती आणि ती पुतण्याने पाठवली होती. व्हिडिओ देखणा. संथ पाणी, पिवळी कयाक, शेजारी पाठीवर तरंगणारं एक केसाळ जनावर. मग निळ्या समुद्रात हवेत गिरक्या घेणारे डॉल्फिन, आणि शेवटी गुलाबी थवा. खाली मराठीत लिहिलेलं: ऐरोली खाडी, पौर्णिमा विशेष, रविवारी सकाळी साडेसहा, प्रशिक्षित गाईड, डॉल्फिन हमखास. माणशी १,४९९ रुपये, त्यातले फक्त ५०० आगाऊ आणि बाकीचे काठावर आल्यावर. या ‘काठावर’ने सगळ्यांचा विश्वास बसला. ज्याला पळून जायचंय तो उरलेले पैसे नंतर कशाला मागेल, असंच कुणालाही वाटेल.

आम्ही सहाजण. दीर आणि जाऊबाई पुण्याहून येणार होते. ५०० प्रमाणे ३,००० भरले. दोन दिवसांनी फोन आला. बोलणारा मुलगा अतिशय नम्र, प्रत्येक वाक्यात ‘ताई’. म्हणाला, खाडी अभयारण्यात येते, वन विभागाचा प्रवेश परवाना लागतो, माणशी ३५०. हे ऐकून उलट बरंच वाटलं, कारण अभयारण्य आहे ही गोष्ट खरी. २,१०० भरल्यावर शिक्क्यासह पावती आली. मग शनिवारी दुपारी तिसरी मागणी: लाइफ जॅकेट आणि बोर्डाची अनामत, माणशी १,०००, सफर संपली की लगेच परत. तोवर पुण्याची मंडळी आमच्याकडे येऊन पोचली होती, मुलांनी टोप्या आणि दुर्बीण पिशवीत भरून ठेवली होती. अशा वेळी ६,००० साठी कोण माघार घेतं? या लोकांना ते पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच सगळ्यात मोठी रक्कम सगळ्यात शेवटी मागितली जाते.

तिन्ही वेळा पैसे तीन वेगळ्या माणसांच्या नावांवर गेले. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी समोर जे नाव दिसतं ते एकदाही त्या संस्थेचं नव्हतं. विचारलं तर उत्तर तयार होतं: हे आमच्या अकाउंटंटचं, हे गाईडचं. कुणाचंही खासगी नाव दिसलं तर तिथेच थांबा, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

ठिकाणाचा पत्ता रात्री उशिरा आला. भल्या पहाटे तिथे पोचलो तेव्हा इतर गाड्या लागत होत्या. कळव्याचं एक कुटुंब, घणसोलीच्या दोन मैत्रिणी, मुलुंडहून आलेले आजी-आजोबा आणि नात. फोन बंद. उजाडलं तसं समोरचं दृश्य दिसायला लागलं आणि सगळे गप्प झाले. पाणी नव्हतंच. पार लांबपर्यंत नुसता काळा चिखल, त्यात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारतायत, आणि पाण्याची रेघ तिकडे मधल्या पात्रात.

जाळं नीट करत बसलेल्या एका वयस्कर कोळी काकांनी विचारलं, कशाला आलात. सांगितल्यावर ते म्हणाले, “ताई, आज पुनव हाय. आता सुकती. पानी दुपारला येल. सकाली होरी घालाची कुठं, चिखलान?”

सुकती म्हणजे ओहोटी, होरी म्हणजे होडी. याच एका वाक्यात सगळी फसवणूक उघडी पडली. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारकडे. मुंबईच्या बंदरातून पाणी आत ऐरोलीकडे चढायला आणखी थोडा वेळ जातो. भरती आणि ओहोटीत साधारण सव्वासहा तासांचं अंतर, त्यामुळे पौर्णिमेला सकाळी साडेसहाला इथे ओहोटीच असणार. शिवाय पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, म्हणजे पाणी जितकं जास्त चढतं तितकंच खाली उतरतं. महिन्यातली सगळ्यात कोरडी सकाळ निवडून त्या माणसाने ‘पौर्णिमा विशेष’ लिहिलं होतं. पॅडलबोर्डाच्या खाली शेपटाकडे एक पातं असतं, ते वीतभर पाण्यातही गाळात रुततं, आणि त्या गाळात उतरलेल्या माणसाचा पाय मांडीपर्यंत जाऊ शकतो. खाडीत ज्याने एकदाही वल्हं मारलंय तो ही वेळ देणारच नाही.

मग आम्ही सगळ्यांनी फोन काढून वन विभागाच्या पावत्या ताडून पाहिल्या. प्रत्येकाच्या पावतीवर एकच क्रमांक.

यानंतरचा भाग सगळ्यात वाईट, आणि तो मी मुद्दाम सविस्तर लिहिते. साडेआठच्या सुमारास सगळ्यांना एकाच वेळी संदेश आला: तांत्रिक कारणाने सफर रद्द, दिलगीर आहोत, पूर्ण परतावा आत्ता देतो, सोबतचा क्यूआर स्कॅन करून रक्कम टाका. घणसोलीच्या मुलींपैकी एकीने स्कॅन केलं, पिन टाकला, आणि तिच्या खात्यातून तेवढेच पैसे दुसऱ्यांदा गेले. ती तिथेच मटकन खाली बसली. लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो. परतावा मिळवण्यासाठी कुणी स्कॅन करायला, पिन टाकायला किंवा मोबाइलवर एखादं ॲप उतरवायला सांगत असेल, तर तो उरलेलं लुटायला आलाय.

घरी आल्यावर जाहिरातीचा व्हिडिओ शांतपणे पुन्हा पाहिला. पाठीवर तरंगणारं ते जनावर म्हणजे समुद्री पाणमांजर. ते उत्तर प्रशांत महासागराच्या काठालाच राहतं, भारताच्या किनाऱ्यावर ते नाहीच. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे उपसागराजवळच्या एल्कहॉर्न स्लू नावाच्या खाडीत लोक कयाकमधून ते पाहायला जातात. गिरक्या घेणारे डॉल्फिन खोल, निळ्या समुद्रातले. आपल्या किनाऱ्यालगत दिसतो तो हंपबॅक डॉल्फिन राखाडी असतो, श्वासासाठी पाठ आणि पर पाण्यावर काढतो आणि पुन्हा खाली जातो. ऐरोलीच्या गढूळ पाण्यात निळा समुद्र दाखवणारा माणूस इथे आलेलाच नसतो. आणि ‘हमखास’ हा शब्द तर रानातल्या किंवा पाण्यातल्या कुठल्याही जिवाबद्दल प्रामाणिक वाटाड्या वापरत नाही.

मला राग आहे तो पैशांपेक्षा या गोष्टीचा, की जी खरी जागा इतकी सुंदर आहे तिचं नाव वापरून हे चालतं. ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्या मधल्या पट्ट्यात ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. ते २०१५ साली घोषित झालं, क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यातला निम्म्याहून जास्त भाग कांदळवन. २०२२ साली त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं हे तिसरं. ओहोटीला उघड्या पडलेल्या गाळावर रोहित चरतात आणि भरतीला नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळींत जाऊन उभे राहतात. अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे परवानगी लागते. त्यामुळे तिथे स्वतःची कयाक घेऊन जाणाऱ्या कुणाकडेही वन विभागाचं लेखी पत्र असायलाच हवं, आणि ते खरं आहे का हे तुम्ही स्वतः विभागाकडे विचारून घ्यायला हवं. आमच्या त्या पावतीबद्दल असा एक फोन केला असता तर पुढचे ६,००० वाचले असते.

ऐरोलीलाच किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून हंगामात वन विभागाच्या कांदळवन यंत्रणेमार्फत बोटीने रोहित दाखवायला नेतात, आणि बोटीची वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते. नंतर आम्ही मुलांना तिथूनच नेलं. बोट थव्यापासून अंतर राखून इंजिन मंद करते, कारण जवळ गेलं की पक्षी चरणं सोडून उडतात. पुतण्या पूर्ण वेळ एक शब्द बोलला नाही, एवढा रमला होता. लांब जायची तयारी असेल तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, तेही फार छान आहे.

खरीखुरी कयाक किंवा पॅडलबोर्डची सफर घ्यायची असेल तर ती नेणाऱ्याला पाण्याबद्दल विचारा. त्या दिवशी भरती किती वाजता, आपण भरतीबरोबर जाणार की विरुद्ध, वारा उठला तर कुठे वळणार, एका गाईडमागे किती माणसं, सोबत सुरक्षेची बोट आहे का. ज्याचं पोट या कामावर आहे तो या प्रश्नांनी खूश होतो आणि थांबवेपर्यंत बोलत राहतो. शिवाय तो तुम्हालाही उलट प्रश्न विचारतो: पोहता येतं का, वजन किती, कुणाला दमा किंवा हृदयाचा त्रास आहे का. वजनाप्रमाणे बोर्ड आणि जॅकेट ठरतं, हे न विचारता त्याचं भागतच नाही. आमच्याकडे त्या नम्र मुलाने सहा माणसांबद्दल फक्त पैसे विचारले. महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम करणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणीचा कागद मागायला लाजू नका.

जेट्टीवरच्या त्या काकांनी आम्हाला चहा पाजला आणि एक गोष्ट सांगितली, ती मनातून जात नाही. त्यांचा मुलगा हंगामात पर्यटकांना होडीतून फिरवतो. या प्रकारांमुळे आता डिझेलपुरते २०० रुपये आगाऊ मागितले तरी लोक त्याला चोर समजतात. चोरांनी आमचे पैसे नेले, पण त्या मुलाच्या घरातली मिळकतही नेली, आणि ती कुठल्या तक्रारीत नोंदवताच येत नाही.

आता तक्रारीबद्दल. त्याच सकाळी गाडीतूनच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला. इथे वेळ सगळ्यात महत्त्वाची, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात आणि जिथे सापडतात तिथे गोठवले जातात. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक हाताशी ठेवा, तो पहिल्यांदा विचारतात. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकली आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. जाहिरात, संभाषण, खोटी पावती, तिन्ही खात्यांवर दिसलेली नावं, सगळ्याचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. आम्ही घरी पोचेपर्यंत ते पान नाहीसं झालं होतं, आणि दिरांनी जेट्टीवरच काढलेले फोटोच पुढे उपयोगी पडले. बुकिंग घेणारी संस्था खरी असेल पण तिने सेवाच दिली नसेल, तर मार्ग वेगळा: ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

आमच्या अनामतीच्या ६,००० पैकी काही रक्कम एका खात्यात गोठवली गेली आहे आणि ती परत मिळण्याचा अर्ज चालू आहे. बाकीची आधीच काढली गेली होती. त्या रविवारी जेट्टीवर असलेल्यांपैकी दोन कुटुंबांनी रक्कम लहान म्हणून अजून तक्रार केलेली नाही. त्यांच्यापर्यंत हे पोचलं तर विनंती आहे, आपापल्या पोलीस ठाण्यात स्वतंत्र अर्ज द्या आणि त्यात खात्यांची तीच नावं लिहा. एकाच खात्यावर वेगवेगळ्या ठाण्यांतून तक्रारी आल्या की त्या एकमेकींशी जोडता येतात.