प्लास्टिक, अ‍ॅल्युमिनियम की लाकूड: कोकणच्या हवेत कुठला यो-यो घ्यावा?

यो-यो घ्यायचा म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, प्लास्टिकवर पैसे घालवू नका, थेट मेटल घ्या. दुसरा, जेवढा महाग तेवढा चांगला. दोन्ही सल्ले मला पटत नाहीत, आणि डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राच्या कडेला राहणाऱ्यांसाठी तर मुळीच नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात सायकलच्या साखळीला बघता बघता गंज चढतो, कपाटातल्या चपलांना बुरशी धरते, आणि उन्हाळ्यातही खारा वारा सुटलेला असतो. अशा हवेत यो-योचं अंग कशाचं आहे यापेक्षा त्याचं बेअरिंग आणि दोरी कशी आहे, यावर खेळ जास्त ठरतो. खेळणाऱ्यांमधले वाद मात्र बहुतेक अंगावरूनच होतात.

आधी हे ठरवा: परत कसा यायला हवा?

मालवणच्या बाजारात एका मुलाने नवा कोरा, ऑनलाइन मागवलेला यो-यो पुढे करून विचारलं, "काका, ह्यो वर येणा नाय. बिघडलो काय?" बिघडला नव्हता. तो अनरिस्पॉन्सिव्ह होता, आणि डब्यावर फक्त 'प्रोफेशनल' एवढंच लिहिलं होतं. घेणाऱ्याची सर्वांत मोठी फसगत इथे होते, म्हणून धातू-प्लास्टिकच्या आधी हा निर्णय घ्या.

रिस्पॉन्सिव्ह यो-यो खाली सोडला, थोडा वेळ फिरू दिला आणि हाताला हलका झटका दिला की वर येतो. अनरिस्पॉन्सिव्ह यो-यो नुसत्या झटक्याने येत नाही. दोरीचा एक दुमडलेला पदर मधल्या फटीत सरकवावा लागतो, तेव्हा दोरी आतल्या सिलिकॉनच्या पॅडला पकडते आणि यो-यो वर चढतो. याला बाइंड म्हणतात. दोरीवर यो-यो उतरवायचा, पुन्हा उचलायचा, झोके द्यायचे, गुंता करून सोडवायचा, हा सगळा आजचा खेळ अनरिस्पॉन्सिव्हवर चालतो. कारण मध्येच दोरीला धक्का लागला तरी तो दगा देऊन वर येत नाही.

हे टप्प्याटप्प्याने घडत गेलं. १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे पेद्रो फ्लोरेस या फिलिपिनो माणसाने यो-योचा कारखाना काढला. त्याच्या यो-योची दोरी आसाला घट्ट बांधलेली नसून आसाभोवती फासासारखी सैल घातलेली होती. त्यामुळे यो-यो खाली जाऊन जागेवर फिरत राहू शकला. पुढे आसावर बॉल बेअरिंग आलं, मग फट रुंद होत गेली, आणि शेवटी झटक्याने वर येणंच बंद झालं.

नवशिक्याने काय घ्यावं, यावर खेळणाऱ्यांत कडाक्याचे मतभेद आहेत. एक गट म्हणतो, पहिल्या दिवसापासून अनरिस्पॉन्सिव्ह घ्या, नाहीतर झटक्याची सवय लागते. मी दुसऱ्या गटातला आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला सरळ, ताकदीचा थ्रो जमायच्या आधी बाइंड शिकवायला गेलात तर यो-यो आठवड्याभरात फळीवर जाऊन बसतो. म्हणून दोन्ही बेअरिंग सोबत देणारं प्लास्टिकचं मॉडेल शोधा. अरुंद बेअरिंग बसवलं की तो झटक्याने वर येतो, रुंद बसवलं की बाइंडने. थ्रो सरळ जायला लागला की घरच्या घरी बेअरिंग बदलायचं. मोठ्या माणसाला चिकाटी असेल तर त्याने थेट अनरिस्पॉन्सिव्ह घ्यायला हरकत नाही.

प्लास्टिक की अ‍ॅल्युमिनियम

'मेटल म्हणजे क्वालिटी' या समजामागे थोडं तथ्य आहे. अ‍ॅल्युमिनियमचं अंग लेथवर फार अचूक कापता येतं, वजन कडेला नेता येतं, आणि कडेला वजन गेलं की यो-यो जास्त वेळ आणि जास्त स्थिर फिरतो. पण प्लास्टिक कच्चं, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. २०१४ चा वन-ए, म्हणजे एकाच यो-योने दोरीवरच्या युक्त्या करण्याच्या, प्रकारातला जगज्जेता जेंट्री स्टाइन याच्या नावाचं, यो-योफॅक्टरीचं रीप्ले प्रो हे मॉडेल प्लास्टिकचंच आहे. ज्या युक्त्या तुम्ही पहिल्या वर्षात शिकणार आहात, त्यांतली एकही प्लास्टिकमुळे अडत नाही.

आता आपल्या खळ्यात या. जांभ्या दगडाची फरशी, चिऱ्याची गडगा-भिंत, घाटावरची फरसबंदी, यांवर यो-यो आपटणारच. अ‍ॅल्युमिनियमच्या कडेला खाच पडते, तिचा धारदार काठ दोरी कातरतो आणि बोटाला लागतो. बारीक पॉलिश पेपरने तो घासावा लागतो. प्लास्टिक खरचटतं, पण सहसा धार धरत नाही. त्यातही डेलरिन हे प्लास्टिक मार चांगला खातं. पॉलिकार्बोनेटचा यो-यो मात्र घट्ट पिळू नका. आसाच्या आट्यांपाशी त्याला तडा जातो किंवा आटे झिजतात. दोन अर्धे नुसते टेकले आणि किंचित आवळले की पुरे.

अ‍ॅल्युमिनियममध्येच एक पोटवाद आहे, आणि तो समुद्राकाठच्या माणसाने नीट ऐकावा. ६०६१ आणि ७०७५ असे दोन मिश्रधातू जास्त वापरतात. ७०७५ जास्त मजबूत, भिंती पातळ ठेवता येतात, आणि किंमतही चढी. म्हणून तो 'वरचा दर्जा' म्हणून विकला जातो. पण त्यात जस्ताचं प्रमाण मोठं असतं, आणि गंजरोधाच्या बाबतीत तो ६०६१ पेक्षा कमकुवत आहे. वरचा अ‍ॅनोडाइझ केलेला, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने चढवलेला संरक्षक थर शाबूत असेतो फरक जाणवत नाही. जांभ्यावर आपटून थर उडाला, की उघड्या धातूवर खारी हवा काम करते. रत्नागिरी-देवगडसारख्या ठिकाणी मी ६०६१ सुचवेन, पैसे हातात असले तरीही.

बायमेटल, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं अंग आणि कडेला स्टीलचं किंवा पितळेचं कडं. फिरण्याच्या वेळेत आणि स्थिरतेत हा प्रकार खरोखर सरस आहे, त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. पण दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये खारट ओल, हे काय करतं ते ट्रॉलरच्या तळाला जस्ताचे तुकडे लावणाऱ्यांना विचारा. एक धातू दुसऱ्याला वाचवतो आणि स्वतः खाल्ला जातो. यो-योमध्ये खाल्लं जातं ते अ‍ॅल्युमिनियम. खेळून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून बंद डब्यात ठेवायची शिस्त असेल तरच बायमेटल घ्या.

टायटॅनियमला समुद्राची हवा काही करत नाही. सिमेंटवर घासला तर ठिणग्याही पाडतो. पण परदेशात त्याची किंमत बहुधा दोनशे डॉलरच्या वरच सुरू होते, आणि आत बेअरिंग असतं ते स्टीलचंच. खेळ तेवढ्या पटीने सुधारत नाही. संग्रहासाठी घ्यायचा असेल तर ती वेगळी आवड आहे.

बेअरिंग आणि दोरी: इथे पैसे घाला

विकत घेताना एवढं बघा, की बेअरिंग सी साइझचं आहे ना. आतला व्यास ६.३५ मिमी, बाहेरचा १२.७, रुंदी ४.७६. औद्योगिक बेअरिंगच्या बाजारात याच मापाला आर-१८८ म्हणतात, फिजेट स्पिनरमध्येही ते असायचं. म्हणजे ब्रँडेड सुटा भाग मिळाला नाही तरी अडून राहत नाही. वेगळ्याच मापाचं बेअरिंग असलेला स्वस्त यो-यो पहिल्या पावसाळ्यानंतर निरुपयोगी होऊ शकतो.

सिरॅमिक बेअरिंग गंजत नाही असं सांगून ते महाग विकतात. त्यात बहुतेक वेळा फक्त आतल्या गोळ्या सिरॅमिकच्या असतात, कडी स्टीलचीच. आपल्या हवेत ती कडी गंजते. त्यापेक्षा साधी स्टेनलेसची दोन बेअरिंग घ्या आणि आलटून पालटून वापरा. बेअरिंग जड झालं तर बाजूच्या पातळ चकत्या काढून लायटरच्या पेट्रोलमध्ये बुडवा, पूर्ण सुकवा, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी बारीक थेंब द्या. हे काम मोठ्यांनी करावं, चुलीपासून लांब. खोबरेल तेल मात्र कधीही घालू नका. चोवीस अंशांच्या खाली ते थिजतं, एरवी धूळ धरून चिकट होतं. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, यो-योच्या डब्यात टाका.

सपाट बेअरिंग की मध्ये खोलगट, यावर लोक तासन्‌तास बोलतात. खोलगटात दोरी मधोमध राहते, बाजूच्या भिंतींना कमी घासते. नवशिक्याला तेच सोयीचं. यापलीकडे त्या वादात वेळ घालवू नये.

दोरीचं तसं नाही. सुती धागा हवेतली ओल आपल्या वजनाच्या आठेक टक्के सहज धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. जुलैत सुती दोरी फुगते, जड होते, फटीत अडकते, आणि अनरिस्पॉन्सिव्ह यो-यो नको तेव्हा वर येतो. तेव्हा बेअरिंगच्या यो-योला पॉलिस्टरच. दोरी बेंबीपर्यंत येईल एवढी कापा, आणि यो-यो मागवताना सोबत दोऱ्यांचा गठ्ठा मागवा. झिजलेल्या दोरीवर महागडा यो-यो खेळण्यापेक्षा ताज्या दोरीवर स्वस्त यो-यो कितीतरी चांगला चालतो. रत्नागिरीच्या भाट्ये किंवा मांडवी किनाऱ्यावर दुपारनंतर खेळणार असाल, तर वाऱ्यात सैल दोरी उडते हेही लक्षात ठेवा. अशा जागी मला ६६-६८ ग्रॅमचा यो-यो हलक्यापेक्षा बरा वाटतो. वाळूचा एक कणही बेअरिंगला पुरतो, म्हणून किनाऱ्यापेक्षा धक्क्यावर खेळा.

वर्णनातले शब्द किती मनावर घ्यायचे

'व्हाइब' म्हणजे फिरताना जाणवणारी बारीक थरथर. काही जण फिरत्या यो-योला नख लावून ती तपासतात आणि जरा जाणवली की यो-यो नापास करतात. हे टोकाचं आहे. नखाला कळणारी थरथर दोरीवर कळत नसेल तर खेळात काहीच बिघडत नाही. दोरीवर दिसणारी डगमग वेगळी. आस वाकलाय का, बेअरिंगच्या बैठकीत कचरा आहे का, ते बघा. तरीही गेली नाही तर यो-यो परत करा.

'फ्लोटी' हा शब्द प्रत्येक जण वेगळ्या अर्थाने वापरतो. हलका, हळू, मऊ, काहीही. त्यावरून खरेदी करू नका. वजन, व्यास, रुंदी हे आकडे बघा. साधारण ५५ मिमी व्यास आणि ४३ ते ४६ मिमी रुंदी बहुतेक हातांना बसते. आकार व्ही सारखा असेल तर दोरीवर उतरवणं सोपं जातं.

आणि 'अस्सल यो-यो फक्त डंकनचा' असं कोणी सांगितलं तर एवढंच सांगा, की यो-यो या नावावरचा डंकन कंपनीचा हक्क अमेरिकेतल्या न्यायालयाने १९६५ मध्येच अमान्य केला. तेव्हापासून तिथे तो कुणाही एकाचा राहिला नाही.

लाकूड कुणी घ्यावं

बेअरिंग नाही, आस लाकडाचा, झटक्याने वर येणारा. या यो-योला जुनाट समजणारे बरेच आहेत, आणि मला ते चुकीचं वाटतं. सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य टॉम कून यांनी १९७८ मध्ये सुटा करता येणारा, आस बदलता येणारा लाकडी यो-यो आणला. लाकडी यो-यो मुद्दाम निवडून खेळणारे आजही आहेत. त्यावर यो-यो जागेवर फार वेळ फिरत नाही, म्हणून प्रत्येक हालचाल नेमक्या वेळी करावी लागते. लहानपणी भोवऱ्याला जाळी, म्हणजे दोरी, गुंडाळून हातजाळी केलेल्या, म्हणजे भोवरा वरच्यावर हातावर झेललेल्या, माणसाच्या हाताला हे लवकर कळतं. दोरीवरच्या लांबलचक युक्त्या करायच्या असतील तर लाकूड तुमच्यासाठी नाही. हाताला लय हवी असेल तर जरूर घ्या.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. ओळखीच्या कारागिराकडून यो-यो कातून घेणार असाल तर त्यांना तीन गोष्टी सांगा. दोन्ही अर्धे एकाच ओंडक्यातून, शेजारशेजारच्या तुकड्यांतून घ्यावेत, म्हणजे वजन सारखं राहतं. लाकूड पुरतं वाळलेलं हवं, ओलं लाकूड नंतर वाकतं आणि यो-यो डगमगतो. लाखेचा रंग बाहेरून भरपूर द्यावा, पण आसाला लावू नये, नाहीतर दोरी घसरते. आणि लाकडी आसावर पॉलिस्टरची दोरी वापरू नका. घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून तुटते आणि यो-यो सुटून समोरच्याला लागू शकतो. इथे सुतीच हवी, आणि पावसाळ्यात ती दर दोन-तीन दिवसांनी बदलावी.