जखमेत किडे पडले: टर्पेंटाइन, इंजेक्शन की सीताफळाचा पाला?

जनावर सारखं मान वळवून एकच जागा चाटतंय, तिथून तांबूस पाणी गळतंय, कुजका वास येतोय: किडे पडलेत असंच धरा. क्रायसोमिया बेझियाना ही माशी जखमेच्या कडेला शंभर ते अडीचशे अंडी घालते. 12 ते 24 तासांत अळ्या निघतात आणि जिवंत मांस पोखरत आत शिरतात. डोकं आत, श्वासाची छिद्रं बाहेरच्या टोकाला. बॅटरी मारली की भोकात काळे ठिपके हलताना दिसतात, ते हेच.

पंढरपुरी म्हैस दुधात असेल तर टर्पेंटाइन तेलच. ते श्वास कोंडतं, म्हणून अळ्या वर येतात. जखमेभोवतीचे केस कापा, तेलात भिजवलेला बोळा भोकात दाबून पाच-दहा मिनिटं थांबा, मग चिमट्याने एकेक अळी अख्खी ओढा. तुटलेली अळी आत सडते. काढलेल्या अळ्या रॉकेलच्या डब्यात टाका. जमिनीवर फेकल्या तर मातीत कोष करून आठवड्याभरात त्यांच्याच माश्या होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. जखम साफ झाली की टर्पेंटाइन बंद. बरेच जण इथंच चुकतात, रोज ओततात, आणि नवं मांस भाजून जखम महिनाभर चिघळते. खिलार बैलाचं शिंग मोडलं असेल तर तेल ओतूच नका. शिंगाची पोकळी कपाळाच्या हाडातून नाकाकडे उघडते. तिथं फक्त पिळलेला बोळा.

माळावरच्या मेंढ्यांना रोज धरून बोळा ठेवणं होत नाही. तिथं आयव्हरमेक्टिन हे किडे मारणारं इंजेक्शन बरं: 1 टक्क्याचं औषध, 50 किलोला 1 मिली, कातडीखालीच. म्हणजे 30 किलोच्या मेंढीला 0.6 मिली, बैलाच्या अंदाजाने सिरिंज भरू नका. असर हळू होतो, आणि मेलेल्या अळ्या हातानेच काढाव्या लागतात. औषध दुधात उतरतं, म्हणून दुभत्या जनावराला नको. डोस पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या.

सीताफळाचा पाला वाटून भरणं फुकटातलं, बार्शीकडे बांधावरच मिळतो. वरवरच्या जखमेला चालतो, खोल भोकात पोचत नाही. वाटणात बी घेऊ नका, डोळ्यात उडालं तर इजा होते. पेट्रोल, फिनेल, पिकावरचं कीटकनाशक यांचा विचारही नको.

कशानेही अळ्या काढल्या तरी पुढचं सारखंच: पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक जखमेत, करंज किंवा कडुनिंबाचं तेल जखमेच्या भोवती. नवजात वासराच्या नाळेला आयोडीन पहिल्याच दिवशी.