जुना रेल्वे हॉर्न चमकवायचाय, बफ मारून आणू की हाताने घासू?

पितळी हॉर्न हाताशी आलाय, जुना रंग निघालाय, आता चमक कशी आणायची असा पेच असेल तर आपल्या सांगली-मिरजेत सरळ दोनच रस्ते, एकतर कुपवाड एमआयडीसीत नेऊन बफ मारून, म्हणजे मशीनच्या फिरत्या चाकावर पॉलिश करून आणायचा नाहीतर घरी बसून वॉटर पेपर आणि ब्रासो. मी दोन्ही करून बघितलंय आणि दोन्हीला आपापली जागा आहे.

मशीनचा फायदा म्हणजे वेळ. चाकावर लस्टरची (पॉलिशच्या मसाल्याची) वडी धरायची, आधी सिसलचं म्हणजे जाड तंतूंचं चाक मग कापडाचं, आणि बघता बघता कर्ण्याचं, म्हणजे हॉर्नच्या भोंग्याचं तोंड आरशासारखं होतं. हाताने म्हणाल तर ४०० चा पेपर, मग ८००, १२००, २०००, प्रत्येक वेळी आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढे जायचं नाही, यात कितीतरी रविवार जातात आणि खांदे भरून येतात ते वेगळंच. ओतकामाची खडबड किंवा खोल खड्डे असतील तर हाताच्या भरवशावर राहू नका असंच मी सांगेन.

पण माझं मत फिरलं ते अक्षरांमुळे. जुन्या हॉर्नवर ओततानाच उठवलेले नंबर, खुणा असतात आणि तीच तर त्याची ओळख. नेथन या अमेरिकन कंपनीचा के५एलए हा रेल्वे हॉर्न घ्या, पाच कर्णे मिळून बी मेजर सिक्स्थ हा स्वरमेळ वाजतो, पण सुटे झाले की कुठला कर्णा कुठल्या स्वराचा हे पटकन लावायचं ते नंबरवरूनच. माझा एक दोन कर्ण्यांचा हॉर्न बफवरून परत आला तेव्हा लांबून झकास दिसत होता, हातात घेऊन उजेडात धरला तर 3 आहे की 8 ते कळेना, कडा गोल झालेल्या, आणि प्रत्येक अक्षराच्या मागे चाकाच्या दिशेने धातू ओढल्यासारखी बारीक शेपटी पडलेली. बफवाल्याला मी दोष देत नाही, चाक उंच भाग आधी खाणारच, पण पितळ एकदा गेलं की गेलं. हाताने करताना बांबूच्या काडीला पेपर गुंडाळून दोन अक्षरांच्या मधे नेता येतो, अक्षराच्या माथ्यावर नुसतं कापड फिरवायचं, आणि कुठे थांबायचं ते आपल्या बोटाला कळतं. मला तरी हे फार मोलाचं वाटतं.

शिवाय लस्टरचा चिकट मळ आत जातो. हवा आतल्या डायफ्रामला (धातूच्या पातळ चकतीला) कडेवरून उचलते, तो परत बसतो, पुन्हा उचलला जातो, यातूनच आवाज निघतो, त्या कडेवर कण राहिला तर हॉर्न नुसता फुसफुसतो.

हातपॉलिशलाही जपावं लागतं. ब्रासोमधे अमोनिया असतो आणि ताण असलेल्या पितळाला तो सोसत नाही, ब्रिटिशांच्या काळात आपल्याकडे पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची, त्यामागे घोड्यांच्या मुतातला अमोनिया आहे हे १९२१ मधे उलगडलं. जाड ओतीव कर्ण्याला तशी भीती कमी, पत्र्यातून ओढून घडवलेल्याला जास्त, म्हणून काम झालं की साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करा. चिंच लावून तासन्‌तास ठेवू नका, आंबटाने वरचं जस्त जातं आणि पितळ तांबूस दिसायला लागतं. कृष्णाकाठच्या पावसाळी हवेत चमक मावळते ती दोन्हीकडे सारखीच, पातळ मेण लावलं की बरीच टिकते.

हॉर्न अजून घ्यायचाच असेल तर भंगारवाल्याकडून लिलावाचे कागद बघून पक्कं बिल घ्या, रेल्वेचा माल बिनकागदाचा सापडला तर रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्धचा १९६६ चा कायदा आहे.

अ‍ॅल्युमिनियमचा असेल, अंगावर काही कोरलेलं उठवलेलं नसेल, किंवा नुसता शोकेसमधे ठेवायचा असेल तर मशीन खुशाल करा. पितळी आणि नंबरवाला असेल तर मी हातानेच म्हणेन. तरी बफच मारायचा असेल तर डायफ्राम आधी काढून ठेवा, हवेची भोकं कापडाच्या बोळ्याने बंद करा, आणि नंबरच्या भोवती चार बोटं जागा सोडायला सांगून तिथेच उभे रहा, तेवढा भाग घरी आणून हाताने करता येतो.