किताबखाना की फाउंटनचा फुटपाथ?

मुंबईच्या फोर्टात पुस्तकं घ्यायची तर दोन वाटा, तेही चालत जाण्याच्या अंतरावर. एक, सोमय्या भवनातला किताबखाना. दुसरी, फ्लोरा फाउंटनकडून चर्चगेटला जाताना फुटपाथवर रचलेल्या थप्प्या.

किताबखाना २०११ सालचा. उंच छत, लाकडी कपाटं, आत कॅफे. तासभर चाळत बसलात तरी कुणी ‘काय हवंय?’ म्हणून मागे लागत नाही. डिसेंबर २०२० च्या आगीत पुस्तकांचं मोठं नुकसान झालं, पण काही महिन्यांत दुकान पुन्हा उघडलं. लेखकांच्या गप्पा, प्रकाशनं, वाचनाचे कार्यक्रम इथेच होतात. फुटपाथवर ते कुठून होणार?

फुटपाथची गंमत मात्र शोधण्यात. आतल्या पानावर कुण्या लायब्ररीचा शिक्का, कुणाला तरी वाढदिवसाला दिल्याच्या दोन ओळी, आणि भाव तोंडी. ऐकून दोन पावलं पुढे टाका, आकडा आपोआप उतरतो. नवंकोरं बेस्टसेलर मात्र तिथून घेऊ नका. पुसट शाई आणि झिरझिरीत कागद दिसला की समजा, प्रत पायरेटेड आहे. लेखकाच्या हाती छदामही पडत नाही. २००५ साली महापालिकेने इथले बरेच स्टॉल उठवले, त्यामुळे जुनी रौनक उरलेली नाही.

माझा हिशेब सरळ आहे: नवं पुस्तक किताबखान्यात, छपाईबाहेर गेलेलं फुटपाथवर. मराठीच हवं असेल, तर दोन्ही सोडा आणि दादरचं ‘आयडियल’ हे पुस्तकांचं दुकान गाठा.