शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून देणाऱ्याला अंगठा देण्याआधी हे वाचा

महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे फॉर्म सुरू झाले की कॉलेजच्या गेटसमोरच्या मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानांत मुलांची गर्दी होते. माझी भाची इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना अशाच एका दुकानात गेली. तिचे पैसे कसे गेले ते सविस्तर लिहितोय, कारण हीच पद्धत आणखी कुणावरही वापरली जाऊ शकते.

तिचे अर्ज दोन होते. फीसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि राहण्या-जेवणासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, अल्पभूधारक दाखला, कॅपचं (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं) अलॉटमेंट लेटर, सगळं फाइलला नीट लावलेलं. पोर्टलवर अर्जाला शुल्क नाही. दुकानदाराने फॉर्म भरण्याचे पैसे घेतले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नोंदणी करताना त्याने मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा टाकला. "हॉस्टेलला रेंज नसते ताई, ओटीपी वेळेत आला नाही की सगळं परत भरावं लागतं," असं सांगितलं. युजर आयडी आणि पासवर्ड त्याच्याच वहीत राहिला. शेवटी "ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) करायचीय" म्हणत मशीनवर तिचा अंगठा घेतला.

त्या अंगठ्यावर तिच्या नावाने एका दुसऱ्याच बँकेत खातं उघडलं गेलं आणि आधार त्या खात्याला जोडलं गेलं. इथेच सगळी मेख आहे. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे आधार ज्या बँकेला जोडलेलं असेल तिथे जातात, आणि एका वेळी आधार एकाच बँकेला जोडलेलं राहतं, शेवटी जी जोडली तिला. जुनं खातं पासबुकासकट तसंच चालू राहतं, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. 2017 साली गॅस सबसिडीचे पैसे असेच ग्राहकांच्या नकळत उघडलेल्या एअरटेल पेमेंट्स बँकेच्या खात्यांत गेले होते. त्या वेळी यूआयडीएआयने (आधार देणाऱ्या प्राधिकरणाने) कंपनीचा ई-केवायसी परवाना स्थगित केला होता.

दरम्यान कॉलेजच्या क्लार्कने फीचा अर्ज सेंड बॅक केला, कारण उत्पन्नाच्या दाखल्याचं स्कॅन वाचता येत नव्हतं. मेसेज गेला दुकानदाराला. त्याने पोरीला कारण सांगितलंच नाही. "वर अडकलंय, आठशे रुपये द्या, मंजूर करून आणतो" म्हणाला, आणि तेवढेही घेतले. काम होतं फक्त दाखला पुन्हा अपलोड करण्याचं.

भत्ता जमा झाल्याचा मेसेजही त्यालाच आला. त्याने तिला बोलावून घेतलं, "रिडीम करायचंय, म्हणजे पैसे सोडवून घ्यायचेत, अंगठा द्या." मशीनची स्क्रीन त्याच्याकडे होती. एकदा अंगठा ठेवल्यावर "नीट उमटला नाही" म्हणून पुन्हा ठेवायला लावला. पावती दिली नाही. आधारवर अंगठा देऊन एका वेळी 10,000 रुपयांपर्यंतच काढता येतात. पुढे स्टेटमेंट काढलं तेव्हा तिच्या दोन अंगठ्यांचे दोन व्यवहार दिसले, प्रत्येकी 10,000 चे.

मैत्रिणींचे पैसे आले, हिचे नाहीत, म्हणून तिने मला फोन केला. पासवर्ड रीसेट करायला गेलो तर ओटीपी त्याच्याच फोनवर. मग मायआधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस', म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते पाहिलं. तिथे जिच्या शाखेची पायरीही तिने कधी चढली नव्हती अशा बँकेचं नाव. ही तपासणी फुकट आहे, पाच मिनिटांत होते. ज्यांच्या घरी यंदा फॉर्म भरलाय त्यांनी आजच करावी, पैसे यायची वाट पाहू नये. वेगळी बँक दिसली तर आपल्या शाखेत जाऊन आधार पुन्हा जोडण्याचा अर्ज द्यावा आणि आधारच्या ॲपवर बायोमेट्रिक (अंगठ्याचा ठसा) लॉक करून टाकावं. त्यानंतर कुणीही अंगठा घेतला तरी व्यवहार होत नाही. पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करावा, उशीर झाला की रक्कम रोखणं अवघड होतं.

आम्ही 1930 वर तक्रार नोंदवली, बँकेला लेखी दिलं, पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. पैसे अजून आलेले नाहीत. त्याच दुकानात फॉर्म भरलेल्या वर्गातल्या इतर मुलींनाही सीडिंग तपासायला लावलं. त्यातल्या दोघींचं आधार त्याच अनोळखी बँकेला जोडलेलं निघालं. त्यांचा भत्ता अजून जमा व्हायचा होता, म्हणून त्या दोघींचे पैसे वाचले.