रायझन ५ १६०० वरून ५६०० वर : जुन्याच मदरबोर्डवर नवे गेम, काही महिन्यांच्या वापरानंतर

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांचा वेळ वाचावा म्हणून आधीच सांगून टाकतो. जुना घरचा संगणक नव्या गेमसाठी सजवताना फ्रेमचा आकडा (दर सेकंदाला पडद्यावर उमटणारी चित्रं) वाढतो तो ग्राफिक्स कार्डामुळे, पण हात अडखळल्यासारखं खेळणं थांबतं ते प्रोसेसर बदलल्यावर. मी दोन्ही एकदम बदलले नाहीत, मध्ये चांगला मोठा काळ गेला. त्यामुळे कशाने काय झालं हे वेगवेगळं सांगता येतंय.

मूळ मशीन असं होतं: एएमडीचा रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर४ रॅमची ८ जीबीची एकच स्टिक, ४ जीबीचं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आणि १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. ब्राउझर, हिशेब, सिनेमे याला ते आजही पुरतं. जुने गेमही चालत. अडायला लागलं ते नव्या गेमपाशी, आणि नुसतं हळू चालतंय असं नव्हतं. आधी गेम जड झाला की सेटिंग ‘लो’वर आणायची, रिझोल्यूशन उतरवायचं आणि खेळायचं, हा आपला ठरलेला उपाय होता. आता काही गेम कार्डात विशिष्ट सोयच मागतात. ॲलन वेक २ आला तेव्हा त्याला मेश शेडर (आकृत्या कार्डातच रचायची नवी सोय) लागत होते, जीटीएक्स १० मालिकेत ते नाहीत. इंडियाना जोन्सचा २०२४ मधला गेम आणि डूम: द डार्क एजेस यांना रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करणारं, हार्डवेअर सक्तीचं आहे. तिथे सेटिंग कितीही उतरवा, काही उपयोग नाही.

कार्ड निवडताना म्हणूनच मी फ्रेमच्या तक्त्यांपेक्षा गेमच्या किमान गरजांच्या याद्या जास्त वाचल्या. या शेवटच्या दोन्ही गेमच्या किमान यादीत एएमडीकडून एकच नाव दिसतं, आरएक्स ६६००. तेच घेतलं. ८ जीबी मेमरी, १३२ वॅटची भूक, १०८० पी मॉनिटरला पुरून उरेल एवढी ताकद. जुन्या संगणकात बसवायला या वर्गातलं हे समजूतदार कार्ड आहे.

एक गोष्ट मात्र जुना बोर्ड असणाऱ्यांनी नीट बघावी, कारण दुकानदार ती सांगत नाहीत. ६६०० चा कनेक्टर दिसायला पूर्ण लांबीचा असला तरी ते पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या वाटेच्या) ८ च लेन वापरतं. त्या वाटेच्या ४.० आवृत्तीच्या बोर्डवर तेवढ्या पुष्कळ होतात. माझा बोर्ड ३.० चा, म्हणजे प्रत्येक लेनचा वेग निम्मा. कार्डाची स्वतःची मेमरी भरेपर्यंत हे जाणवत नाही. ८ जीबी ओलांडली, की उरलेला माल मुख्य रॅममधून त्याच अरुंद वाटेने आणावा लागतो आणि चित्र गचके खातं. टेक्श्चर एक पायरी खाली ठेवलं की प्रश्न मिटतो. याच घराण्यातलं धाकटं आरएक्स ६५०० एक्सटी मात्र जुन्या बोर्डवाल्यांनी घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला लेन ४ च आणि मेमरीही ४ जीबी. म्हणजे मेमरी लवकर भरणार आणि भरल्यावरची वाट आणखी अरुंद. नव्या संगणकात ठीक चालणारं कार्ड जुन्यात मार खातं ते असं.

कार्डासोबत एसएमपीएसही (संगणकाला वीज पुरवणारा डबा) बदलला. जुन्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट छापलेलं होतं, पण त्या आकड्यावर जाऊ नका. कॅबिनेट उघडून बाजूच्या स्टिकरवरचा तक्ता वाचा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली अँपिअर दिलेले असतात. त्याला १२ ने गुणा, येईल ती खरी ताकद, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जवळजवळ सगळं १२ व्होल्टवरूनच ओढतात. माझ्याकडच्या स्टिकरवर १८ अँपिअर होते, म्हणजे २१६ वॅट. १३२ चं कार्ड, ६५ चा प्रोसेसर, वर पंखे आणि डिस्क. कागदावर कसंबसं बसतं, पण कार्ड क्षणभर त्याच्या सरासरीच्या बरंच वर उसळी मारतं आणि नेमका तेव्हा संगणक धाडकन बंद होतो. शिवाय त्या एसएमपीएसला कार्डाला लागणारी ८ पिनची वायरच नव्हती. मोलेक्सवरून (डिस्कसाठीच्या जुन्या वायरीवरून) ८ पिन करून देणारे ॲडॉप्टर मिळतात, पण ते मी कोणालाही सुचवणार नाही.

रॅमचं काम सगळ्यात स्वस्तात झालं आणि फळ सगळ्यात चटकन मिळालं. एक स्टिक असेल तर मेमरी एकाच वाहिनीवरून चालते, दोन असतील तर दोन. त्याच जातीची दुसरी ८ जीबी स्टिक घातली आणि गेममध्ये गेल्यावर मागे ब्राउझर उघडा ठेवायची भीती गेली. चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या, बहुतेक बोर्डांवर तेच योग्य असतं. आणि बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवायची सोय, चालू करायचं. ३२०० ची रॅम घेऊन वर्षानुवर्षं २१३३ किंवा २४०० वर चालवणारी कितीतरी मशीन मी पाहिली आहेत. फक्त पहिल्या पिढीच्या रायझनला ३२०० पचेलच असं नाही, त्याची अधिकृत मर्यादा २६६६ आहे. माझीही जुन्या प्रोसेसरवर २९३३ लाच स्थिर राहिली.

एसएसडीबद्दल (फिरत्या डिस्कऐवजी चिपवरची डिस्क) फार लिहित नाही. घ्यायलाच हवी. सायबरपंक २०७७ ने तर २०२३ च्या २.० आवृत्तीपासून किमान यादीतच एसएसडी टाकली. साटा आणि एनव्हीएमई या एसएसडीच्या दोन जातींत वेगाचे आकडे कितीही वेगळे असोत, गेम लोड व्हायला लागणाऱ्या वेळेत मला मोठा फरक दिसला नाही. जे सहज मिळेल ते घ्या.

आता खरा मुद्दा. कार्ड, रॅम, एसएसडी असं सगळं झाल्यावर मी खूश व्हायला हवं होतं. सरासरी फ्रेम छान ६० च्या वर होत्या. पण सायबरपंकमध्ये गाडी घेऊन बाजाराच्या गर्दीत शिरलो की हातातलं स्टिअरिंग जणू क्षणभर सुटायचं. पडद्याच्या कोपऱ्यात प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा आलेख लावून बघितलं. सरळ चाललेली रेघ चौकात आली की सुळक्यासारखी वर उडे, आणि नेमक्या त्याच वेळी ग्राफिक्स कार्डाचा वापर ९८ टक्क्यांवरून साठीत उतरे. म्हणजे कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसरची वाट बघतंय. इथेच घोडं पेंड खात होतं. गंमत म्हणजे रायझन ५ १६०० त्या गेमच्या किमान यादीत आहे! पण ती यादी ‘लो’ सेटिंगवर ३० फ्रेमचं वचन देते, ते लक्षात ठेवून वाचायचं असतं.

तुमच्याकडे हे होतंय का, हे तपासायला काही विकत घ्यायला लागत नाही. रिझोल्यूशन उतरवून तोच प्रसंग पुन्हा खेळा. फ्रेम भसाभस वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसर. आणि सरासरीपेक्षा ‘एक टक्का लो’ (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा वेग) हा आकडा बघा, अडखळणं त्यात दिसतं, सरासरीत ते बेमालूम लपतं.

एएम४ सॉकेटची (बोर्डवर प्रोसेसर बसतो त्या खाचेची) पुण्याई इथे कामाला आली. २०२२ मध्ये एएमडीने ५००० मालिकेच्या प्रोसेसरांसाठी ३०० मालिकेचे जुने बोर्डही खुले केले, आणि माझ्या बी३५० बोर्डच्या नव्या बायोसमध्ये रायझन ५ ५६०० चं नाव होतं. कागदावर दोघे सारखेच, ६ कोअर आणि १२ थ्रेड. फरक पोटात आहे. १६०० मध्ये तीन-तीन कोअरचे दोन गट आणि प्रत्येक गटाला ८ एमबीचा वेगळा एल३ कॅश (प्रोसेसरमधला झटपट मेमरीचा साठा); एका गटातल्या कोअरला दुसऱ्याकडचं काही हवं असलं की वळसा पडतो. ५६०० मध्ये सहाही कोअरना मिळून ३२ एमबीचा एकच साठा, आणि बूस्ट (कमाल वेग) ३.६ ऐवजी ४.४ गिगाहर्ट्झ. गेमला नेमकं हेच लागतं.

प्रोसेसर बदलण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करायचं. एफएटी३२ केलेला पेनड्राइव्ह पुरतो. काही बोर्डांना मधली एखादी आवृत्ती आधी टाकावी लागते, ती सूचना डाउनलोडच्या पानावर बारीक अक्षरात असते. मग कूलर. एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात, आणि वर्षानुवर्षं वाळलेली थर्मल पेस्ट गोंदासारखी धरून ठेवते. कूलर सरळ वर ओढला तर लॉक लावलेलं असूनही प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी अर्धा तास गेम चालवून मशीन गरम केलं, बंद करून लगेच चारही स्क्रू सैल केले आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळत राहिलो. एक बारीक ‘चर्र’ आवाज येतो आणि तो सुटतो. ५६०० सोबत मिळणारा स्टेल्थ कूलर बुटका आहे. १६०० चा जुना स्पायर त्याच्यापेक्षा उंच आणि त्याच चार स्क्रूंवर बसतो, म्हणून नव्या प्रोसेसरवर जुनाच कूलर लावला. बॉक्समधला तसाच पडून आहे.

फरक? सरासरी वाढली, पण ते मी सांगतही नाही. चौकातला तो सुळका गेला. आता आलेखावर लहान दात दिसतात, खेळताना जाणवत नाहीत. रॅमही निमूटपणे ३२०० वर चालते.

याच बदलात विंडोज ११ चाही प्रश्न सुटला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि १६०० काही ११ च्या यादीत नाही, ५६०० आहे. टीपीएम, म्हणजे विंडोज ११ मागते तो सुरक्षेचा भाग, प्रोसेसरमध्येच असतो, बायोसमधून चालू करायचा. किचकट भाग वेगळाच निघाला: माझी विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर होती. तशीच ठेवून बायोसमधलं सीएसएम (जुन्या पद्धतीने संगणक सुरू करायची सोय) बंद केलं असतं तर संगणक विंडोजपर्यंत पोचलाच नसता. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाची सोय आहे, तिने डेटा न पुसता डिस्क बदलून दिली (बॅकअप घेतला होता, तुम्हीही घ्या). मग सीएसएम बंद, सिक्युअर बूट (फक्त खात्रीचीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) चालू. हे फक्त विंडोजसाठी नाही. बॅटलफील्ड ६ सारखे गेम सिक्युअर बूटशिवाय आत घेत नाहीत, आणि रिसाइझेबल बारलाही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) सीएसएम बंदच लागतं.

इतक्या महिन्यांच्या वापरानंतरच्या तक्रारीही आहेत. मेनूमध्ये फ्रेम शेकड्यात गेल्या की कार्डाच्या कॉइलमधून किणकिण ऐकू येते; फ्रेमला ६० ची मर्यादा घातली की थांबते, आणि उष्णताही कमी होते. रे ट्रेसिंग हे या कार्डावर नावापुरतं आहे, ज्या गेममध्ये ते सक्तीचं नाही तिथे मी बंदच ठेवतो. १०८० पी वर एफएसआर (कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून मोठं करणारी एएमडीची सोय) ‘क्वालिटी’च्या खाली नेलं की तारा, जाळ्या, केस हे सगळं झिरमिरायला लागतं. आणि अनरिअल इंजिन ५ च्या काही गेममध्ये नव्या जागी पहिल्यांदा गेल्यावर शेडर (कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम) तयार होताना जो झटका बसतो, तो कशानेच गेला नाही. महागड्या मशीनवरही तो बसतो, तेवढंच समाधान.

डीडीआर३ आणि इंटेलच्या चौथ्या पिढीचं मशीन असेल तर हा मार्ग तुमचा नाही. त्या सॉकेटवर साधारण कोअर आय७ ४७९० च्या आसपासच जाता येतं, पुढे बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळंच नवं. तिथे कार्ड घ्या, पण पुढच्या मशीनमध्येही चालेल असं घ्या.

माझ्याकडे आता जुनी एकच वस्तू खटकते, ती म्हणजे ६० हर्ट्झचा मॉनिटर. फ्रीसिंकवाला, म्हणजे कार्डाच्या फ्रेमशी स्वतःचा वेग जुळवणारा, आणायचा विचार आहे. फ्रेम ५० ते ७० मध्ये वरखाली होत असताना मॉनिटरने तोच ताल धरला तर ६० ची मर्यादा काढून टाकता येईल. किणकिण परत येईल, पण हेडफोन लावल्यावर ती ऐकू येत नाही.