परसातलं हरितगृह, अकरा महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये सहा बाय आठ फुटांचं तयार हरितगृह घेतलं. लोखंडी पाइप, वर पारदर्शक कागद, पुढेमागे चेनचं दार. आमचं घर साताऱ्यात मंगळवार पेठेत. परस एवढासा, दक्षिणेला शेजारची तीन मजली इमारत आणि तिच्यामागे अजिंक्यतारा. जाहिरातीत लगडलेले टोमॅटो होते, त्यालाच भुलले.

आधी उजेडाचं सांगते, कारण सगळं तिथंच अडतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. डिसेंबरात आमच्या परसात ऊन साडेदहाला यायचं आणि दीडला गेलेलं असायचं. त्यातलाही थोडा उजेड कागद खातो, धूळ बसली की आणखी. टोमॅटोची रोपं काडीसारखी लांबत गेली, फुलं आली ती बरीचशी गळाली. आत वारा नाही म्हणून रोज सकाळी फुलांच्या देठाला टिचकी मारायचे, म्हणजे पराग झडतो. एवढं करून हाती अकरा टोमॅटो. आत्या कोशिंबिरीत घालताना ते मोठ्यानं मोजायच्या.

मग फळभाजीचा नाद सोडला. पालक, मेथी, कांद्याची पात, पुदिना, अळू, ही मंडळी तीन-चार तासांच्या उन्हात निभावतात, फक्त वाढ सावकाश.

खरे पैसे वसूल झाले ते पावसाळ्यात. झड लागली की बाहेरची कोथिंबीर झोडपून निघते, कुजते आणि मंडईत जुडीला हात लावायची सोय राहत नाही. धने चपलेखाली रगडून दोन फोडी केल्या, रात्रभर भिजवून ट्रेमध्ये पेरले. पहिली पेरणी मात्र वाया गेली. ऊब राहावी म्हणून दोन्ही दारं बंद ठेवली होती. सकाळी कागदाला आतून घाम, त्याचे थेंब टपटप रोपांवर, आणि चार दिवसांत रोपं बुडाशी काळी पडून आडवी. आपल्याकडे ऊब हवी कुणाला! तेव्हापासून पाऊस असला तरी दोन्ही चेना अर्ध्या उघड्या. दुसऱ्या पेरणीची कोथिंबीर चाळीस दिवसांत कापली.

उजेडासाठी दोन गोष्टी केल्या. उत्तरेच्या भिंतीला चुना मारला, त्याचा फरक दिसला. आणि वीस-वीस वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब रोपांपासून फूटभर वर टांगल्या. संध्याकाळी पाच तास लावते, महिन्याला सहा युनिट जातात. रोपवाटिकेपुरतं ठीक, पण त्यावर टोमॅटो पिकेल अशी आशा धरू नका.

एप्रिल-मेमध्ये उलटंच. सूर्य डोक्यावर येतो, इमारतीची सावली हटते, ऊन भरपूर, पण आतला काटा ४५ च्या वर. मग बाजूचे कागद गुंडाळून वर हिरवी जाळी टाकावी लागते.

तक्रार दोन गोष्टींची. चेन तिसऱ्याच महिन्यात अडकायला लागली. आणि कागद अतिनील किरणांना टिकणारा म्हणून विकला होता, तो पाइपाला घासतो तिथे पिवळा पडून कडकडीत झाला आणि परवाच्या वळवात फाटला. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर म्हणे वादळ हमीत बसत नाही.

सांगाडा मात्र भक्कम आहे, तो ठेवणार. मृगाआधी शेतीच्या दुकानातून २०० मायक्रॉनचा कागद मीटरवर आणायचाय, आणि दाराला चेनऐवजी बांबू लावून गुंडाळता येईल असा पडदा.